वायकिंग की अँग्लो-सॅक्सन? पहिली खरेदी, 60 हजारांचं बजेट आणि पुण्याचा पावसाळा

कसबेकर_जुनंपानं

नमस्कार मंडळी. शिवराई आणि पेशवेकालीन रुपये गोळा करतो, त्यामुळे जुन्या धातूची थोडी जाण आहे. आता सुरुवातीच्या मध्ययुगातल्या इंग्लंड-स्कँडिनेव्हियाच्या, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन आणि स्कँडिनेव्हियाच्या वायकिंग लोकांच्या, दागिन्यांकडे वळायचं आहे. बजेट सगळं धरून, म्हणजे कमिशन, टपाल आणि कस्टमसकट, 60 हजार रुपये. तीन वस्तू डोळ्यांत भरल्यात:

1. थोर या नॉर्स देवाच्या हातोडीच्या आकाराचं चांदीचं पदक, 34 मिमी, 11.40 ग्रॅम. वर्णनात 'वायकिंग, 9वं-10वं शतक, पूर्व युरोप, जुना खासगी संग्रह' एवढंच. 280 पौंड.
2. पट्ट्याचं टोक (स्ट्रॅप-एंड), तांब्याच्या मिश्रधातूचं, 43 मिमी, अँग्लो-सॅक्सन, 9वं शतक. लिंकनशायर, सोबत पीएएस क्रमांक. 85 पौंड.
3. लंबगोल 'कासव' ब्रोचचा अर्धा तुकडा, 'बाल्टिक भाग'. 160 पौंड.

मन हातोडीवर गेलंय, खोटं कशाला बोलू. प्रश्न असे: कोणती घ्यावी? खरं-खोटं कसं ओळखायचं? लक्ष्मी रोडच्या हॉलमार्किंग सेंटरमध्ये मशीनवर तपासून काही कळतं का? कस्टमचं काय? आणि घर तळमजल्यावर आहे, जुलैत भिंतींना ओल येते. तिथे हे टिकेल?

---

ताम्रनाद

दुसरी घ्या. पहिली आणि तिसरी सोडा. आता कारणं.

या क्षेत्रात वस्तूइतकाच तिचा कागद महत्त्वाचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतात मेटल डिटेक्टर चालवणं, जमीनमालकाची परवानगी असेल तर, कायदेशीर आहे आणि सापडलेल्या वस्तू नोंदवायची व्यवस्थाही आहे: पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे पीएएस. 1997 साली काही भागांत सुरू झाली आणि 2003 पासून सगळीकडे आहे. तिचा डेटाबेस इंटरनेटवर फुकट पाहता येतो. क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरं कुठे नोंद झाली ते सांगतात: एलआयएन लिंकनशायर, एनएमएस नॉरफोक, वायओआरवायएम यॉर्क. तुमच्या विक्रेत्याचा क्रमांक तिथे टाका. नोंदीतली लांबी, रुंदी, वजन आणि फोटो जुळवा. नुसती नक्षी जुळली म्हणून समाधान मानू नका. कडेचा टवका, रिव्हेटच्या भोकाची चीर, हिरव्या थरातला डाग, या तीन गोष्टी दोन्ही फोटोंत त्याच जागी हव्यात. दुसऱ्याच वस्तूचा क्रमांक लावून माल विकणारे आहेत.

आणखी एक. यूकेडीएफडी नावाचा वेगळा डेटाबेस आहे. तो खासगी आहे, शोधणारा स्वतःच नोंद करतो. काहीच नसण्यापेक्षा बरा, पण पीएएसच्या बरोबरीचा नाही.

चांदी-सोन्याची गोष्ट आणखी कडक. 1996 चा ट्रेझर ॲक्ट 24 सप्टेंबर 1997 पासून लागू आहे. 300 वर्षांहून जुनी आणि वजनात किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू (सुटं नाणं सोडून) सापडली की 14 दिवसांत कॉरोनरला (अशा ऐवजाची चौकशी करणारा तिथला अधिकारी) कळवावं लागतं. वरचा मुलामा त्या 10 टक्क्यांत धरत नाहीत. संग्रहालयांना नको असेल तर वस्तू परत मिळते आणि मगच ती बाजारात येऊ शकते. अशा वस्तूला वर्ष, मध्ये 'टी' आणि पुढे आकडा असा ट्रेझर क्रमांक असतो. म्हणजे 'इंग्लंडमध्ये 2010 साली सापडलेलं चांदीचं स्ट्रॅप-एंड' ट्रेझर क्रमांकाशिवाय दिसलं तर पुढचं वाचूसुद्धा नका. 2015 साली हेरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळ सापडलेला वायकिंग काळातला साठा कळवला नाही म्हणून शोधणाऱ्यांना 2019 मध्ये तुरुंगवास झाला, आणि घेणारेही त्यात अडकले.

इंग्लंडबाहेर चित्र वेगळं. स्कॉटलंडमध्ये सापडलेलं सगळं राजसत्तेचं. डेन्मार्कमध्ये 'दानेफे', म्हणजे जमिनीत सापडलेला मोलाचा जुना ऐवज, सरकारजमा करावाच लागतो. नॉर्वेत 1537 पूर्वीच्या वस्तू सरकारच्या. स्वीडनमध्ये परवान्याशिवाय डिटेक्टरच चालवता येत नाही. मग बाजारात 'पूर्व युरोप', 'बाल्टिक' असा जो ढीग येतो तो कुठून येतो? बराचसा बेकायदा खणलेला, आणि उरलेल्यात नकलांचं प्रमाण मोठं. 'जुना खासगी संग्रह' या तीन शब्दांची किंमत शून्य. जुना म्हणजे कोणत्या सालचा? लिलावाचं कॅटलॉग, पावती, चिठ्ठी, काही आहे का? असेल तर फोटो मागा. नसेल तर विषय संपला.

'वायकिंग' हे लेबल भाव वाढवायला कसंही लावतात, तेही सांगून ठेवतो. लॅटव्हिया-लिथुआनियातल्या उघड्या कड्याच्या ब्रोच, ज्यांची टोकं खसखशीच्या बोंडासारखी किंवा पैलूदार असतात, त्या कुरोनियन, लाटगालियन वगैरे स्थानिक लोकांच्या. चंद्रकोरीचं पदक बहुतेक वेळा स्लाव्ह. दोन्ही सुंदर, दोन्ही त्याच काळातल्या, पण वायकिंग नव्हेत.

---

ठसेवाला

ताम्रनाद यांच्याशी सहमत. मी वस्तूच्या अंगाने लिहितो.

हातोडी. खऱ्या हातोड्यांमधल्या बऱ्याच साध्या आणि लहान असतात: लोखंडाच्या, शिशाच्या, अंबरच्या, थोड्या चांदीच्या. नक्कल करणारे मात्र स्वीडनमधल्या स्कोनेची, ओलंड बेटावरच्या ब्रेडसेत्राची अशा दोन-चार प्रसिद्ध हातोड्याच पुन्हा पुन्हा ओततात. त्यामुळे तारकामाची भरगच्च हातोडी 280 पौंडांत दिसली तर संशय घ्यायलाच हवा. साधी, ठसे मारलेली असेल तर 10 एक्स भिंगातून ठसे बघा. त्या काळचा आवडता ठसा म्हणजे त्रिकोण आणि आत बारीक दाणे. हाताने मारलेला प्रत्येक ठसा थोडा वेगळा बसतो: एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ, आणि कडेला धातू जरा वर आलेला. साच्यातून ओतलेल्या नकलेत सगळे ठसे सारखेच, तळ गोलसर आणि बुळबुळीत, त्यात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. कडेने साच्याची शिवण कानशीने घासलेली दिसते, ती विशेषतः वरच्या कडीच्या आतल्या बाजूला शोधा, तिथे कानस नीट पोचत नाही.

कासव ब्रोच. 10व्या शतकातला नेहमीचा प्रकार म्हणजे यान पेटरसन यांच्या 1928 च्या वर्गीकरणातला पी 51. दोन कवचं असतात: खाली साधं, वर जाळीदार, त्यावर गोल उंचवटे. तुकड्याच्या वरच्या नक्षीकडे पाहू नका, उलटा करा. ओतताना मातीच्या साच्यात कापड वापरलेलं असे, त्याची वीण आतल्या बाजूला उमटलेली दिसते. नकलेची आतली बाजू बहुधा गुळगुळीत किंवा दाणेदार. दुसरं म्हणजे पिन. ती लोखंडाची असे, म्हणून खऱ्या ब्रोचच्या बिजागरीपाशी तपकिरी गंजाचा घट्ट गोळा असतो, कधी त्यात झिरझिरीत कापडाचे धागे धातूच्या क्षारांत जखडलेले. नकलेवर गंजाचा चुरा गोंदाने चिकटवतात. 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली आजकालचे बरेच गोंद निळसर चमकतात.

स्ट्रॅप-एंड. गॅबर टॉमस यांच्या वर्गीकरणातल्या ए गटाचं दिसतंय: मध्ये थोडं फुगीर, खालच्या टोकाला समोरून पाहिलेलं जनावराचं तोंड, कान स्वल्पविरामासारखे वळलेले. वरचं टोक चिरलेलं असतं, त्यात चामड्याचा किंवा कापडाचा पट्टा घालून दोन रिव्हेटांनी पक्का करत. ही चीर बाजूने पाहा. खऱ्यात फट अरुंद आणि आत मातीने किंवा गंजाने भरलेली. खोट्यात करवतीने सरळ कापलेली, आतला धातू पिवळाधमक. मधल्या चौकटीत मागे वळून पाहणारा प्राणी असेल तर ती ट्रुहिडल शैली. कॉर्नवॉलमध्ये 1774 साली मिळालेल्या साठ्यावरून हे नाव पडलं. त्यात काळी नायेलो भरलेली असू शकते. ती चांदीच्या सल्फाइडची असते, घासली की गेली.

हिरवा थर खरा की रंगवलेला, त्यासाठी कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून मागच्या बाजूला हलकं पुसतात. हिरवा-तपकिरी रंग काडीवर आला तर बहुधा रंगकाम. इथे एक घोटाळा होतो: संवर्धन केलेल्या खऱ्या वस्तूवर पॅरालॉइडचं पारदर्शक लेपन असतं, तेही ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि काडी चिकट होते. चिकट पण बिनरंगी आली तर घाबरू नका, पुसणं थांबवा.

हॉलमार्किंग सेंटर. एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणारं) कळतं, पण काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक हवं. ते मशीन सोन्या-चांदीसाठी लावलेलं असतं. तांब्याच्या मिश्रधातूचे आकडे ढोबळच समजा. चांदीत पुढचं बघा. जुन्या चांदीत थोडं सोनं आणि शिसं राहिलेलं असतं, कारण तेव्हाच्या शुद्धीकरणात ते पूर्ण निघत नसे. वायकिंगांची बरीच चांदी समानी दिरहम (मध्य आशियातल्या समानी राजवटीची चांदीची नाणी) वितळवून आलेली, त्यात बिस्मथही सापडतं. उलट 92.5 चांदी, 7.5 तांबं आणि बाकी शून्य असा साफ आकडा आला तर आजची स्टर्लिंग समजा. डागाच्या जागी कॅडमियम दिसलं तर विषयच नको. केडीएम आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, 10व्या शतकात ते नव्हतं. पितळेत जस्त 28 टक्क्यांच्या वर गेलं तरी शंका घ्या, जुन्या पद्धतीने साधारण तेवढंच मुरतं.

मात्र मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. जमिनीत पडून चांदीच्या पृष्ठभागातलं तांबं निघून जातं, म्हणून शुद्धता खरीपेक्षा जास्त दिसते. दोन-तीन जागी वाचायला सांगा, एक तरी टवक्यापाशी. आणि काउंटरवरच बजावा: घासायचं नाही, कापायचं नाही, कसोटीचा दगड नको, ॲसिड नको.

घनता घरीही काढता येते. 0.01 ग्रॅमचा सोनारकाट्यासारखा काटा, डिस्टिल्ड पाणी, बारीक नायलॉनचा धागा. तुमच्या हातोडीचं वजन हवेत 11.40, पाण्यात लटकवून 10.28 आलं, तर फरक 1.12, हवेतलं वजन भागिले फरक 10.18. म्हणजे चांदी 80 टक्क्यांच्या थोडी वर, चालण्याजोगी. 7.3 च्या आसपास आलं तर कथिल. पण यातून फक्त धातू कळतो, वय नाही. तांब्याच्या वस्तूवर हा प्रयोग करू नका, ओल आत जाते.

---

दमटहवा

ओलीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण पुण्यात वस्तू मरते ती इथे.

तांब्याच्या जुन्या वस्तूंत जमिनीतलं क्लोराइड अडकलेलं असतं. हवेतली आर्द्रता साधारण 42-46 टक्क्यांवर गेली की ते जागं होतं: फिकट पिस्ता रंगाची पूड, टोचलं की भुगा, खाली खड्डा. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. गडद हिरवा, टणक, चकचकीत थर मात्र निरोगी असतो, त्याला हात लावायचा नाही. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपारची हवा कोरडी ठणठणीत, पण जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 च्या वर बसते. तळमजल्यावर तर बघायलाच नको. इंग्लंडहून धडधाकट आलेली वस्तू पहिल्या पावसाळ्यात फुटते ती यामुळे.

उपाय स्वस्त आहे. रबरी कडा आणि चार बाजूंनी लॅच असलेला 5 लिटरचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा. हिशेबाने लिटरला 20 ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे 100 ग्रॅम लागतं. डबा उघडला जाणार हे धरून आपल्याकडे 250 ग्रॅम ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. जेल जाळीदार पिशवीत, वस्तूला चिकटून नाही. आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. आर्द्रतेचा आकडा 35 च्या खाली ठेवायचा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास, मग बंद बरणीत गार करून परत डब्यात. गरम जेल तसंच डब्यात टाकलं तर डबा तापतो आणि जेल नीट काम करत नाही.

डब्यात वस्तू कशावर ठेवायची तर पांढऱ्या ईपीई फोमवर, पॅकिंगच्या दुकानात मिळतो, कात्रीने खाच करा. सोनाराची लाल मखमली डबी, गुलाबी कागद, रबरबँड, लोकरी फेल्ट, सगळं बाद: यांतल्या बऱ्याच गोष्टींतून गंधक सुटतं आणि चांदी काळी पडते. सागवानी किंवा प्लायच्या कपाटात उघडी ठेवू नका, लाकडातून सुटणारी आम्लं शिशाच्या वस्तूंची तर अक्षरशः पांढरी पूड करून टाकतात.

आणि कृपा करून पितांबरी, चिंच, लिंबू, सिल्व्हर डिप काही नाही. तांबट आळीत नेऊन 'जरा चकचकीत करून द्या' तर मुळीच नाही. अनेक अँग्लो-सॅक्सन ब्रोचवर पाऱ्याच्या मदतीने दिलेला सोन्याचा मुलामा किंवा आपल्या भांड्यांसारखी कलई असते, केसाएवढी पातळ. ती गेली की वस्तूचा अर्धा भाव गेला. जुनी चांदी ठिसूळ होते. वाकलेली कडी सरळ करायला गेलात तर टचकन तुटेल.

पूड दिसलीच तर बांबूच्या टूथपिकने, भिंगाखाली, कोरडी काढा आणि ताबडतोब कोरड्या डब्यात बंद करा. बेंझोट्रायाझोल (तांब्याचा गंज रोखणारं रसायन) 3 टक्के अल्कोहोलमध्ये, वरून पॅरालॉइड बी-72 चा लेप असा उपचार असतो, पण बेंझोट्रायाझोल विषारी आहे, ते काम संवर्धकाचं. स्वयंपाकघरात करायचं नाही.

---

कसबेकर_जुनंपानं

खूप आभार. पीएएस नोंद उघडली: लांबी, वजन जुळतंय, डाव्या रिव्हेटच्या भोकाची चीरही तीच. हातोडीवाल्याने कागद नाहीत म्हणून कळवलं, तिथला विषय बंद. पण स्ट्रॅप-एंडचा विक्रेता म्हणतो, 'लहान वस्तू आहे, परवाना लागत नाही, इमिटेशन ज्वेलरी गिफ्ट म्हणून पाठवतो, कस्टम वाचेल.' चालेल का? आणि उरलेल्या पैशांत वायकिंग काहीतरी येईल का?

---

ताम्रनाद

नाही चालणार. ब्रिटनच्या मातीतून निघालेल्या 50 वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूला निर्यात परवाना लागतो आणि त्याला किमतीची खालची मर्यादा नाही. 85 पौंडांची असो की 85 हजारांची. अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे, आणि तो पाठवणाऱ्याने, म्हणजे इथे विक्रेत्याने, करायचा. सरळ लिहा: 'परवाना आल्यावर पाठवा, तोवर थांबतो.' पीएएस नोंद असली की अर्ज सोपा जातो. नाहीच म्हणाला तर त्याच दर्जाचं स्ट्रॅप-एंड दुसरीकडे मिळेल, ही काही दुर्मिळ वस्तू नाही.

गिफ्टचा खेळ तुमच्याच अंगाशी येतो. खोट्या वर्णनाचं पार्सल मुंबईत उघडलं तर दंड वेगळा, आणि वस्तू कायदेशीर आली हे पुढे कधीच सिद्ध करता येणार नाही. बिलावर वस्तूचं नाव, काळ, धातू, वजन, पीएएस क्रमांक, खरी किंमत आणि कस्टमचा 9705 हा गट लिहून घ्या. पुरातत्त्वीय संग्राह्य वस्तूंचा तो गट आहे. दागिन्यांच्या 7113 किंवा 7117 मध्ये टाकलं की भलताच दर लागतो. सध्याचा दर खरेदीआधी कस्टम हाउस एजंटला विचारा, तो बदलत राहतो. लिलावातून घेणार असाल तर पडलेल्या बोलीवर साधारण 20 ते 30 टक्के खरेदीदाराचं कमिशन आणि त्यावर कर धरा, मगच बोलीची मर्यादा ठरवा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यातली व्याख्या वयावर आहे, 100 वर्षं. वस्तू कोणत्या देशात घडली यावर नाही. त्यामुळे एकदा इथे आलेली वस्तू विकायला पुन्हा लंडनला पाठवणं सोपं नाही. आयातीचं बिल ऑफ एंट्री, बिल, परवाना, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा आणि 'नाही आवडली तर परत विकू' हा हिशेब करू नका.

---

ठसेवाला

वायकिंग हवंच असेल तर इंग्लंडमध्येच शोधा की. लिंकनशायर, नॉरफोकमध्ये डेन लोकांची वस्ती होती, तिथे स्कँडिनेव्हियन धाटणीच्या बोर शैलीतल्या (वायकिंग काळातली एक नक्षीची शैली) गोल ब्रोच मिळतात आणि त्यांच्या पीएएस नोंदी असतात. स्कँडिनेव्हियन घडणीची फुगीर, मागून पोकळ, पिनेला दोन कान, बऱ्याचदा साखळी अडकवायला एक जादा कडी. स्थानिक अँग्लो-सॅक्सन घडणीची सपाट आणि एकच कान. नक्षी तीच, पण पाठ पाहिली की कारागिराची परंपरा कळते. विक्रेते पाठीचा फोटो टाकत नाहीत, मागून घ्या.

त्याहून स्वस्त म्हणजे 11व्या शतकातल्या रिकिबीच्या पट्ट्यावरच्या ताम्रपट्टिका. काहींवर ऊर्नेस शैलीचे लांबोडे, एकमेकांत गुंतलेले प्राणी असतात. सराफी चमक नाही म्हणून नकलाकारही त्यांच्या मागे फारसे लागत नाहीत. शिशाची वजनंही आहेत, वर कधी ब्रोचचा किंवा नाण्याचा तुकडा बसवलेला. नाणेवाल्या माणसाला ती हमखास आवडतात. फक्त दमटहवा यांनी लाकडाबद्दल लिहिलंय ते शिशासाठी दुप्पट पाळा.

इंग्लंडमधल्या केंटच्या गार्नेटच्या, म्हणजे तामड्याच्या, ब्रोचकडे या बजेटमध्ये फक्त बघायचं. 6व्या शतकातले त्यातले बरेच तामडे भारत-श्रीलंकेकडून गेलेले आहेत, त्यामुळे बघायला मजा येते. तामड्यामागे ठसे मारलेला सोन्याचा पातळ वर्ख असतो, त्यामुळे दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. स्वस्तात मिळालेल्या ब्रोचमध्ये लाल काच असते आणि मागे काहीच नसतं.

---

दमटहवा

कसबेकर, परवान्यात काही आठवडे जातील, तोवर डबा तयार करून रिकामाच ठेवून बघा. जेल घालून बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा 35 च्या खाली आला पाहिजे आणि आठवडाभर तिथेच राहिला पाहिजे. चढत असेल तर झाकणाची रबरी कडा तपासा, बहुतेक वेळा कोपऱ्यात वळलेली असते. वस्तू आली की पार्सलमधला फोम आणि कागद तसाच डब्यात घालू नका, टपालात ओल धरलेली असते. आणि आल्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो मिमी पट्टीसकट काढून ठेवा, म्हणजे सप्टेंबरमध्ये नवा ठिपका आला की लगेच कळेल.